लेथवर कातलेली लेखणी

लातुरात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करायला आलेली मुलं वर्षभर वह्यांवर वह्या भरतात, आणि ऐन परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांना स्वतःचं पेन आत नेता येत नाही. काळं बॉलपेन केंद्रावरच मिळतं. त्याने उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायचे, सही करायची, बाहेर पडायचं. सगळ्यांच्या हातात एकाच जातीचं पेन असतं, ते कोणी निवडलेलं नसतं आणि परीक्षेनंतर ते कुठे गेलं हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला जे नाव मिळवून दिलं त्यात हस्ताक्षराचा वाटा शून्य आहे, आणि तशी कोणाची तक्रारही नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशात एक छोटा, काहीसा हट्टी वर्ग तयार झाला आहे. एका माणसाने एका माणसासाठी बनवलेलं शाईचं पेन त्याला हवं असतं. लांबी किती, बोटं जिथे टेकतात तो भाग किती जाड, टोपणाला क्लिप हवी की नको, निब कशी घासलेली हवी, हे सगळं तो आधी ठरवतो आणि मग वाट पाहतो. अशी पेनं मोठ्या कारखान्यात होत नाहीत. ती होतात गॅलरीत, गॅरेजमध्ये, घराच्या मागच्या खोलीत, एका छोट्या लेथवर.

नांदेड-लातूरच्या माणसाला ही गोष्ट पुण्या-मुंबईकडची वाटते. वास्तविक तिचा माग काढायचा तर पूर्वेकडे जावं लागतं. लातूरजवळून वाहणारी मांजरा बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, उत्तरेला वळून निजामसागरला येते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. नांदेडचा घाट सोडून आलेली गोदावरी तोवर धर्माबादच्या बाजूने तिथे पोचलेली असते. दोन्ही शहरांचं पाणी पुढे एकत्र आंध्रात जातं आणि समुद्राला मिळण्याआधी ज्या मोठ्या गावाला लागतं ते राजमहेंद्री. हाताने बनवलेल्या भारतीय पेनाचा इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही.

राजमहेंद्रीचे कोसुरी वेंकट रत्नम हे सोनारांसाठी साचे बनवणारे कारागीर. १९२१ साली वर्ध्यात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि रोजच्या वापरातली एखादी वस्तू देशात बनव, असं गांधीजींनी सुचवलं, अशी हकीकत सांगितली जाते. रत्नम यांनी पेन निवडलं. १९३२ साली ‘रत्नम पेन’चं काम सुरू झालं. पुढची हकीकत अधिक मजेशीर आहे. गांधीजींना पाठवलेल्या पेनात काही भाग परदेशी आहे असं कळल्यावर ते त्यांना पसंत पडलं नाही, आणि रत्नम पुन्हा कामाला लागले. अखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत संपूर्ण स्वदेशी पेन वर्ध्याला पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, अशा आशयाचं.

या पत्राचं कौतुक खूप झालं आहे. पण पत्रापेक्षा मधला टप्पा मोलाचा आहे. पेन चालतं की नाही एवढंच वर्ध्यात पाहिलं गेलं नाही, त्यातला कुठला भाग कुठून आला हेही विचारलं गेलं. कुमारप्पा हिशेबनीस होते, ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र रचणारे होते. वस्तू उलटून तिच्या पोटात पाहण्याची त्यांना सवय होती. तोच प्रश्न आज एखाद्या घरगुती कार्यशाळेतल्या पेनाला विचारला तर काय उत्तर येतं, ते पुढे पाहू.

मराठवाड्याला राजमहेंद्री लांब होती, हैदराबाद मात्र अंगणात होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. उच्च न्यायालय हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, मोठी कचेरी हैदराबादला. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरच्या नांदेडहून रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी राजधानीत उतरे. लातूरचं तोंड थोडं वेगळीकडे होतं, कारण अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे त्याला कुर्डूवाडीमार्गे मुंबईच्या वाटेला जोडत होती. पण मुंबईचा माल संस्थानात शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आडवा येई आणि व्यवहाराला निजामाचा हाली रुपया लागे. आजोबांच्या वयाच्या मंडळींकडून हे शब्द अजून ऐकू येतात.

त्या हैदराबादेत १९२८ साली ‘डेक्कन पेन स्टोअर्स’ सुरू झालं. आबिड्सचं हे दुकान परदेशी पेनं विकायचं, दुरुस्त करायचं, आणि पुढे त्याने स्वतःच्या नावाची इबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं बनवून घेतली. त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं मॉडेल म्हणजे ‘अ‍ॅडव्होकेट’. नाव वाचूनच गिऱ्हाईक कोण ते कळतं. संस्थानाच्या कोर्टाची भाषा उर्दू, दस्तऐवज उर्दूत, त्यामुळे मराठी घरातल्या वकिलालाही उजवीकडून डावीकडे लिहावं लागे. त्या लिपीची वळणदार, उतरत जाणारी अक्षरं बोरूच्या तिरक्या टोकातून जन्मलेली. तिला ताठ आणि कोरडी निब सोसत नाही. शाई सढळ हाताने सोडणारं जाड पेन लागतं, आणि ‘अ‍ॅडव्होकेट’ त्याच घराण्यातलं आहे.

त्याआधी या भागातली लेखनाची श्रीमंती पेनात नव्हती, कलमदानात होती. जस्ताच्या काळ्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून केलेली बिदरी कलमदानं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि बीदर उदगीरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. आत ठेवायची कलम मात्र बोरूची, चाकूने घरीच तासलेली. म्हणजे लेखणी स्वतः तासून घेण्याची रीत इथे नवी नाही, फक्त चाकूच्या जागी लेथ आला.

मुंबईची बाजू थोडक्यात सांगता येते. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी गिरगावात शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे ‘कॅम्लिन’ झालं. मराठी शाळांतली निम्मी बोटं त्यांच्या निळ्या शाईने रंगली. शाईबरोबर त्यांनी पेनंही विकली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तसे देशी पेनवाले वाढले. मग बॉलपेन आलं, स्वस्त झालं, शाळांनी आणि बँकांनी त्याला मान्यता दिली, आणि टीपकागद दुकानातून नाहीसा झाला.

आता कार्यशाळेकडे.

हाताने बनवल्या जाणाऱ्या भारतीय पेनाचा मुख्य माल इबोनाइट. रबरात थोडं गंधक घालून तापवलं तर टायरचं रबर होतं. गंधक वाढवत रबराच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेलं आणि बराच वेळ तापवलं तर ते लाकडासारखं कडक होतं. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी १८५१ साली याचं पेटंट घेतलं. जगात इबोनाइटचे दांडे करणारे कारखाने आता मोजकेच उरलेत. जर्मनीत आहेत, टोकियोत ‘निक्को’ आहे, आणि भारतात आहेत. तिरुवळ्ळूरच्या ‘रंगा’पासून राजमहेंद्रीच्या ‘गाइडर’पर्यंत अनेकांची पेनं याच मालावर उभी आहेत आणि परदेशातले हौशी लोक ती मागवतात, याचं एक साधं कारण इथे दांडा सहज मिळतो हे आहे.

इबोनाइट कातताना खोलीत गंधकाचा वास भरतो. घरात कार्यशाळा काढणाऱ्याला पहिली कुरबुर शेजाऱ्यांकडून नाही, स्वयंपाकघरातून ऐकावी लागते. शिवाय काळा कीस बारीक असतो, नखांत बसतो, दोरीवरच्या कपड्यांवर जातो. तोंडाला मास्क आणि खोलीला पंखा हवाच.

काम असं चालतं. दांड्याचे तीन तुकडे करायचे: टोपणाचा, पोटाचा आणि बोटं टेकतात त्या मानेचा. तुकडा चकात धरून आधी तोंड सपाट करायचं, मग मधोमध भोक पाडायचं. इथे घाई करणारा फसतो. इबोनाइट उष्णता बाहेर सोडत नाही, ड्रिल तापतं, माल मऊ पडतो आणि भोक वाकडं जातं. म्हणून थोडं आत जायचं, ड्रिल बाहेर काढून कीस झाडायचा, पुन्हा आत. भोक झालं की आटे. मानेच्या मागच्या टोकाला पोटात बसणारे, पुढे टोपणाला धरणारे, आणि आतून निबच्या नळीसाठी. बर्लिनच्या ‘योवो’ कंपनीच्या सहा नंबरच्या निबला ७.४ मिलिमीटर व्यासाचे, अर्ध्या मिलिमीटर अंतराचे आटे लागतात. असा टॅप नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात नसतो, मुद्दाम करवून घ्यावा लागतो.

टोपणाच्या आट्यांत खरी गंमत आहे. साधा एकेरी आटा पाडला तर टोपण उघडायला पाच-सहा वेळा फिरवावं लागतं आणि सही घ्यायला आलेला माणूस कंटाळतो. म्हणून तिहेरी आटे पाडतात, म्हणजे तीन वेगवेगळ्या सुरुवातींचे तीन आटे एकमेकांशेजारून धावतात. ०.८ मिलिमीटरच्या आट्याचे तीन पदर असले की एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर पुढे सरकतं, आणि सव्वा-दीड फेऱ्यात पेन उघडतं. पण आता टोपण तीन जागी बसू शकतं. पोटावरची आणि टोपणावरची नक्षीची रेघ जुळणारी जागा तीनांतली एकच. जुळवून देणारे कारागीर देतात, न जुळल्याची तक्रार करणारी गिऱ्हाइकंही असतात.

मग येतो कंटाळवाणा भाग, ज्याचा फोटो कोणी काढत नाही. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून पाण्यात भिजवलेले बारीक बारीक पेपर चढत्या क्रमाने फिरवायचे. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे सोडतो. मधला एक नंबर गाळला तर शेवटी बफवर चकाकी आल्यावर ओरखडा उजेडात दिसतो, आणि दोन पायऱ्या मागे यावं लागतं. काळं इबोनाइट उन्हात राहिलं तर वर्षानुवर्षांत हिरवट-तपकिरी होतं, म्हणून तयार पेन खिडकीत मांडायचं नसतं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा या पेनांशी वेगळा संबंध आहे. जुन्या पद्धतीच्या पेनात शाई ड्रॉपरने थेट पोटात भरतात. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळीत, एक मिलिलीटरही मावत नाही, इथे तिपटी-चौपटीने मावते. शाई खाली उतरते तेव्हा तिच्या जागी हवा आत जाते, आणि हवा-शाईची ही देवघेव निबखालच्या जिभेतल्या खाचांमधून चालते. १८८४ साली लुइस वॉटरमन यांनी पेटंट घेतलं ते याच देवघेवीचं. पोट अर्धं रिकामं झालं की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला ढकलते. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळिशीच्या पुढे असताना शर्टाच्या खिशातलं अर्धं भरलेलं पेन काय करतं हे जुन्या शिक्षकांना विचारावं. उपाय दोनच: पेन भरलेलं ठेवावं, आणि पोटाची भिंत जाड ठेवावी. इबोनाइट उष्णता लवकर आत जाऊ देत नाही, त्यामुळे अशा हवेला ते प्लॅस्टिकपेक्षा मानवतं. धातूचं पोट ड्रॉपरने भरण्याच्या भानगडीत पडूच नये.

लाकडाच्या पेनाचा मोह सगळ्यांनाच होतो. शिसव दिसते सुंदर, पण लाकूड शाई पितं, फुगतं, चिरतं. म्हणून त्यात आतून अस्तर घालतात किंवा कन्व्हर्टरच वापरतात. पुण्यात मनोज देशमुख ‘फॉस्फर’ या नावाने लाकूड, अ‍ॅक्रेलिक, इबोनाइट अशा मालांत हाताने पेनं घडवतात. त्यांची ‘आयलँडर’, ‘बँगलोर’ ही मॉडेलं देशाबाहेरच्या शौकिनांनाही ठाऊक आहेत. महाराष्ट्रात घरगुती प्रमाणावरचं पेनकाम कुठवर जाऊ शकतं याचं हे उदाहरण पुरेसं आहे. ना मोठी शेड, ना शंभर कामगार.

मग नांदेड-लातूरला काय कमी आहे? लेथ तर मुळीच कमी नाही. लातूरच्या डाळ मिलचे शाफ्ट, साखर कारखान्यांचे रोलर, ट्रॅक्टरचे बुश यांची दुरुस्ती करणाऱ्या लेथवाल्यांवर या भागाचा अर्धा कारभार चालतो. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांना आटे पाडता येतात, मायक्रोमीटर वाचता येतो. ज्याने पोलादाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा काटेकोर बसवली त्याला इबोनाइटचं भोक अवघड नाही. फरक मापाचा आहे आणि शेवटच्या हाताचा आहे. शाफ्टला चकाकीची गरज नसते, पेनाला चकाकीशिवाय गिऱ्हाईक नसतं. शिवाय घरच्या लेथला सिंगल फेज वीज पुरते, पण ती मधेच गेली तर अर्धवट आट्यात टूल अडकून बसतं. मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कुमारप्पांचा प्रश्न इथे परत उभा राहतो. पोट इथे कातलं, टोपण इथे कातलं, माल देशी. निब?

घरगुती पेनकाराची निब बहुतेक वेळा बर्लिनच्या ‘योवो’ची किंवा हायडेलबर्गच्या ‘बॉक’ची असते. देशी हवी तर कानपूरच्या ‘कॅनराइट’सारख्यांची मिळते. निब घरात का होत नाही याचं कारण तिच्या घडणीत आहे. स्टीलची किंवा सोन्याची पट्टी रोलमधून काढून टोकाकडे जाड, मागे पातळ करायची, प्रेसखाली कापायची, मधे श्वासाचं छिद्र पाडायचं, वाकवून गोलाई द्यायची, टोकावर इरिडियमच्या कुळातल्या कठीण धातूची इवलीशी गोळी वितळवून चिकटवायची, आणि मग कागदाइतक्या पातळ चकतीने ती गोळी आणि पट्टी बरोबर मधोमध चिरायची. प्रत्येक टप्प्याला वेगळं यंत्र आणि वेगळा डाय लागतो. शंभर निबांसाठी ते परवडत नाही, लाखासाठी परवडतं.

म्हणून ‘संपूर्ण हस्तनिर्मित’ अशी जाहिरात दिसली की थोडं थांबावं. प्रामाणिक कारागीर निब कुठली ते स्वतःहून सांगतो, आणि त्याने पेनाची किंमत कमी होत नाही. १९३५ च्या मापाने आजची बहुतेक उत्तम भारतीय पेनं वर्ध्याहून परत आली असती, हेही खरं. पण त्या मापाने लेथचं टूल, टॅप, पॉलिश पेपर यांचाही जन्मदाखला मागावा लागेल, आणि तिथे खुद्द रत्नम यांनाही उत्तर देणं जड गेलं असतं.

निब बाहेरून आली तरी तिच्यावरचं शेवटचं काम कार्यशाळेतच होतं, आणि पेन खरोखर एका माणसाचं होतं ते तिथे. भिंगाखाली दोन्ही पात्यांची टोकं एका पातळीत आणायची, फट वरून खाली निमुळती आहे ना ते पाहायचं, जीभ गरम पाण्यात किंचित मऊ करून निबच्या पाठीला चिकटवायची. मग घासकाम. हे काम जगभर रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलं जातं. ‘इटालिक’ धाटणीने घासलेल्या निबेत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. इंग्रजी त्याने छान दिसतं, पण मराठी लिहिलं की शिरोरेषा केसासारखी बारीक पडते आणि काने खांबासारखे उभे राहतात. देवनागरीसाठी बोरू कापतात तोच मुळी रोमनच्या उलट्या तिरकसाने.

पेनांच्या जगात एक दुसरी धाटणी आहे, तिला ‘आर्किटेक्ट’ म्हणतात. जुन्या नकाशांवर ठसठशीत अक्षरं काढणाऱ्यांच्या नावावरून ती आली. तिच्यात आडवी रेघ जाड येते, उभी बारीक. शिरोरेषा देऊन लिहिणाऱ्या मराठी माणसाने ही निब एकदा हातात घेऊन पाहावी. ओळ कागदावर टांगल्यासारखी दिसते. मोडी लिहिणाऱ्यांनी आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवली, त्यांना ही धाटणी समजावून सांगावी लागली नसती. उलट ज्यांनी भरभर लिहिण्यासाठी शिरोरेषा कधीच सोडून दिली आहे, त्यांच्या हाताला हिचा उपयोग नाही. त्यांनी साधी गोल मीडियम घ्यावी.

कारागिराला हस्ताक्षराचा नमुना पाठवतानाही हाच विचार हवा. इंग्रजी सही आणि पत्ता पाठवून मराठी लिहायचं पेन नीट होत नाही. नमुन्यात ‘ळ’ असावा, ‘क्ष’ असावा, ‘ण्ण’, ‘ज्ज्व’ अशी दाटीवाटीची जोडाक्षरं असावीत, कारण जाड निबेची शाई सगळ्यांत आधी तिथल्या गाठी भरून टाकते. रोज ज्या वहीत लिहितो त्या वहीच्या ओळींवर, रोजच्या वेगाने लिहिलेलं एक पान पुरतं. पेन किती कललेलं धरतो त्याचा बाजूने काढलेला फोटो सोबत जोडावा, कारण ‘आर्किटेक्ट’ची धार एका ठराविक कोनातच लागते. निब मात्र ब्रॉड मागवायची. टोकावरची गोळी घासून लहान करता येते, वाढवता येत नाही, आणि फाइन निबवर हे काम करण्याइतका धातूच नसतो.